काळा धूर गेला, त्याला नऊ महिने झाले

पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात मागचा रस्ताच दिसेना. मागं मोटारसायकलवर नवरा-बायको, मधे लहान पोर. बाईनं पदरानं पोराचं तोंड झाकलं. मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना पुढं जाऊ दिलं. फार लाज वाटली.

गाडी २०१७ सालची, डिझेल, बीएस-४ (सरकारी धूर-नियमांचा टप्पा), १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. ॲव्हरेज वीसवरनं सोळावर आलं होतं, पिकअप बसला होता आणि मागच्या बंपरवर बोट फिरवलं की काजळ लागायचं.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेटही न उघडता सांगितलं, चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले, पन्नास हजार धरून चला. दुसऱ्यानं डिझेलमध्ये टाकायची बाटली दिली. दोन टाक्या संपल्या, काडीचा फरक नाही.

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. ते म्हणाले, "दादा, काळा धूर म्हणजे डिझेल जळायला हवा कमी पडत्या. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलो असतो. आधी हवेचा मार्ग तपासू, इंजेक्टर मागनं." या वाक्यानं माझे पन्नास हजार वाचवले, म्हणून मुद्दाम इथं लिहितोय.

एअर फिल्टर काढला तर करडा-काळा. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, गाडी दिवसभर तिथल्याच धुळीत उभी. कंपनीच्या पुस्तकातलं अंतर आमच्याकडं चालत नाही, आता मी दर दहा हजार किलोमीटरला फिल्टर बदलतो. पण खरा चोर वेगळाच निघाला. मिस्त्रींनी इंटरकूलरकडनं (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) येणारा रबरी पाइप हातानं पिळला. खालच्या बाजूला, क्लिपेच्या जवळ, बोटाच्या पेरभर चीर, भोवती ऑइलचा ओला काळा डाग. वरनं बघितलं तर पाइप धडधाकट. टर्बोनं दाबलेली हवा तिथनंच बाहेर जात होती आणि डिझेल मात्र पहिल्यासारखंच पडत होतं. चढाला 'सूंऽऽ' असा आवाज यायचा तो त्याचाच, मी वाऱ्याचा समजत होतो.

ईजीआर व्हॉल्व्हही (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारी झडप) खोलला. आत काजळीचा थर असा घट्ट की स्क्रूड्रायव्हरनं खरवडावा लागला. तो नीट मिटत नव्हता, म्हणजे जळका धूर नको तेव्हाही परत इंजिनात. पत्रा लावून ईजीआर बंदच करा, असं सांगणारे बरेच भेटतील. मी नाही केलं. जळण्याचं तापमान खाली ठेवून नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी करायला तो बसवलेला असतो. काळा धूर घालवून न दिसणारा वाढवायचा, हे मला पटत नाही.

पाइप, फिल्टर, सफाई, मजुरी धरून नऊ हजारांच्या आत. पीयूसीला डिझेलचा धूर 'के' आकड्यात मोजतात, बीएस-४ ला मर्यादा १.६२. कामाआधी माझा २.९ आला होता, नंतर ०.७४. मोजायच्या आधी इंजिन चांगलं गरम करून न्या, थंड गाडीचा आकडा खरा येत नाही.

या नऊ महिन्यांत चौदा हजार किलोमीटर झाले. ॲव्हरेज परत वीसच्या पुढं. थंडीत पहाटे सुरू करताना अजून धुराची एक छोटी पिचकारी निघते, फुल ॲक्सिलरेटर दाबला तर फिकट झाक दिसते, तेवढं आहे. एक सवय बदलली. राजारामपुरी ते शिरोली एवढ्याच फेऱ्यांत इंजिनात काजळी साचत राहते, म्हणून रविवारी महामार्गानं कागलपर्यंत जाऊन येतो, टॉप गिअरची घाई न करता अडीच हजार आरपीएमवर.

गेल्या महिन्यात वाघबीळला मुद्दाम त्याच चढाला, त्याच गिअरवर गेलो. बायको मागं वळून बघत होती. म्हणाली, "मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येत्या."