साउंडप्रूफ फोम विकताना दाखवतात ती पेटी

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की माझ्या फोनवर ‘खोली स्वतःच साउंडप्रूफ करा’ अशा जाहिरातींचा रतीब लागतो. मी पुण्यात कर्वेनगरात राहते आणि घरातूनच व्हॉइस-ओव्हरचं काम करते. अशाच एका जाहिरातीतून शहरातल्या एका विक्रेत्याने मला 26 हजारांना गंडवलं. त्याचं नाव इथे देत नाही. पण ही युक्ती त्या एकट्याची असेल असं मला वाटत नाही, म्हणून ती सविस्तर सांगते.

त्याच्या काउंटरवर एक पेटी होती, आतून काळ्या खाचाखाचांच्या फोमचं अस्तर लावलेली. त्याने ब्लूटूथ स्पीकरवर ढोल लावला, स्पीकर पेटीत ठेवला आणि झाकण बंद केलं. आवाज जवळजवळ गायब. “ताई, आता लक्ष्मी रोडवर घर घेतलंत तरी विसर्जनाला झोप लागेल!”

फोम घरी चिकटवून झाला, संध्याकाळी सराव सुरू झाला आणि खोलीत ढोल जसाच्या तसा. मी परत दुकानात गेले आणि झाकण स्वतः उघडून पाहिलं. पेटी चांगली जाड एमडीएफची, झाकणाच्या कडेला चारही बाजूंनी रबराची पट्टी. आवाज अडवत होतं ते लाकूड आणि रबर. फोम नुसता आत बसून श्रेय घेत होता.

दुसरी चलाखी कागदावरची, आणि ती जास्त सफाईदार. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक टेस्ट रिपोर्ट पाठवला होता: एनआरसी 0.85. खाली त्याचंच भाषांतर, ‘85 टक्के आवाज बंद’. एनआरसी म्हणजे खोलीतला आवाज भिंतीवर आपटून परत येताना त्यातला किती शोषला जातो, त्याचं माप. पलीकडे किती गेला, याच्याशी त्याचा संबंध नाही. गंमत म्हणजे या हिशेबात सताड उघड्या खिडकीला पैकीच्या पैकी गुण मिळतात, कारण तिच्यातून गेलेला आवाज खोलीत परत येत नाही! आवाज अडवण्याचं माप वेगळं, त्याला एसटीसी म्हणतात. तो आकडा मागितल्यावर साहेबांची उत्तरं आटली.

आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी फरक पडतो जेमतेम 6 डेसिबलचा, आणि तोही जाणवायचा तर आधी दाराखालची फट आणि स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतून येणारी हवा बंद व्हायला हवी. ढोलाचा खर्जातला दणका तर दोन इंची फोमला जुमानतच नाही. फोमचा तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली तर आवाजही जाणार. नाहीतर अलार्म वाजणारा फोन फोमच्या तुकड्यांत गुंडाळा, पेटीबिटी न घेता, आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघा.

मालही सांगितला तसा नव्हता. ‘32 डेन्सिटी’, म्हणजे घनमीटरला 32 किलो, म्हणून पैसे घेतले. फूट बाय फूट, दोन इंच जाडीचा सपाट तुकडा त्या डेन्सिटीचा असेल तर साधारण दीडशे ग्रॅम भरायला हवा. कोपऱ्यांसाठी दिलेले सपाट तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर शंभरापर्यंतही पोचले नाहीत. आणि ‘फायरप्रूफ’? उरलेला एक तुकडा गच्चीत पत्र्यावर ठेवून काडी लावली, तर भडकून वितळत ठिबकू लागला. असल्या पीयू (पॉलीयुरेथेन) फोमचा धूर विषारी असतो, त्यामुळे हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. ज्या खोलीत इन्व्हर्टर आणि वायरींचं जंजाळ आहे तिथल्या भिंतींवरून मी तो त्याच आठवड्यात उतरवला. सोबत रंगाचे पोपडेही आले.

पैसे परत मागितले तर म्हणतो, “ताई, डबल लेयर लावावा लागेल, तुम्हाला डिस्काउंट देतो.” मग बिल काढून बघितलं. जाहिरातीत आणि मेसेजमध्ये सगळीकडे ‘साउंडप्रूफ’, पण बिलावर ‘डेकोरेटिव्ह फोम पॅनेल’. शोभेची वस्तू विकली, शोभा आली, तक्रार कसली? बिलावर ‘बाहेरचा आवाज अडवण्यासाठी’ असं लिहून द्यायला सांगा. जो खळखळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

फोम अगदीच टाकाऊ नसतो हेही खरं. रेकॉर्डिंगमधला घुमारा त्याने कमी झाला होता. पण तेवढं काम दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्याही करतात, आणि माझ्याकडे आता त्याच आहेत. दाराखाली रबरी सील आणि खिडकीच्या फटींना पट्ट्या लावल्यावर रस्त्यावरचे हॉर्न बरेच दबले. ढोल मात्र येतो, म्हणून सरावाच्या वेळात मी रेकॉर्डिंग ठेवत नाही.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि तो रिपोर्ट जपून ठेवलाय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही आणि वकील करण्याची सक्तीही नाही.