कापडासाठी कच्छ : पुण्यातील एका सहल कंपनीविषयी

प्रवाशाची आवड विचारून कार्यक्रम आखणाऱ्या पुण्यातील एका छोट्या कंपनीमार्फत आम्ही कच्छला गेलो. पांढरे रण वगळून तो सगळा वेळ भुजजवळच्या अजरखपूरला, म्हणजे ठशांनी छापलेल्या अजरख कापडाच्या गावाला द्यावा, ही आमची विनंती त्यांनी विनातक्रार मान्य केली. २००१ च्या भूकंपानंतर धमडका या कारागिरांच्या मूळ गावच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढून रंगकाम बिघडू लागल्याने तेथील खत्री समाजाच्या कारागिरांनी अजरखपूर वसवले. हिरड्याच्या पाण्यात बुडवलेल्या कापडावर ठसे कसे उमटवतात आणि गंजके लोखंड गुळासह आंबवून काळा रंग कसा तयार होतो, हे तेथे कोणतीही घाई न होता पाहता आले. आंबलेल्या पिंपाच्या वासाची मात्र तयारी ठेवावी. गावातीलच 'श्रुजन' संस्थेच्या संग्रहालयातील भरतकामासाठी अर्धा दिवसही अपुरा पडतो. निवास आणि भोजन ठीक होते. मात्र सोबतचा मार्गदर्शक कारागिरांच्या कच्छी बोलण्याचा फारच त्रोटक अनुवाद करी, आणि एवढे शुल्क आकारताना ही उणीव राहायला नको होती. ज्यांना कापडात रस नाही, त्यांनी याच कंपनीला आपली वेगळी आवड स्पष्टपणे सांगावी. तयार कार्यक्रम निमूटपणे स्वीकारल्यास जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.