ड्युबॉइस यांचे कागद, घरी बसून: मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा ‘क्रीडो’ संग्रह

जुन्या कागदपत्रांच्या कुठल्याही संग्रहाकडे मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघते: पदवी नसलेल्या, संस्थेचं ओळखपत्र नसलेल्या माणसाला तो आत घेतो की नाही. नागपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ही सवय जडलेली आहे. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची वर्तमानपत्रं वाचावीत म्हणून मध्यंतरी एक व्यावसायिक संग्रह उघडला, तर त्याने पहिल्याच पानावर माझ्या विद्यापीठाचं नाव मागितलं. निवृत्त माणसाने तिथे काय भरायचं? चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी रस्त्यावर उभं राहून चार-आठ आण्यांच्या मोलाने विकलेले अंक असे कुलपात ठेवलेले बघून मला मनापासून वाईट वाटलं.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ग्रंथालयाचा ‘क्रीडो’ हा संग्रह याच्या अगदी उलट आहे. लॉगिन नाही, वर्गणी नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्यभर लढलेले विचारवंत आणि संपादक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचे सुमारे १ लाख कागद त्यात आहेत: पत्रं, भाषणं, लेखांचे खर्डे, फोटो. संग्रहाचं नावही ड्युबॉइस यांच्याच १९०४ सालच्या एका छोट्या गद्यकाव्यावरून घेतलेलं आहे.

हे कागद टिकले कसे, तेही सांगायला हवं. ड्युबॉइस १९६१ मध्ये घानाला गेले तेव्हा त्यांच्यावर एक खटला होऊन गेला होता, पासपोर्ट काही वर्षं जप्त राहिला होता आणि त्यांचं नाव घ्यायला अमेरिकेतल्या मोठ्या संस्था कचरत होत्या. जाताना बहुतेक कागद त्यांनी इतिहासकार हर्बर्ट ॲप्थेकर यांच्या हवाली केले आणि त्यांनी ते आपल्या घराच्या तळघरात जपले. २७ ऑगस्ट १९६३ला ड्युबॉइस अक्राला वारले. पुढे त्यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम ड्युबॉइस यांच्याकडून १९७३ मध्ये हा सगळा ठेवा ॲमहर्स्टला आला. एका माणसाने तळघरात जागा करून दिली म्हणून आज नागपुरात बसून मी हे वाचते आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ जणांना या संग्रहातला एक कागद आधीच माहीत आहे. बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना लिहिलेल्या पत्राचा फोटो दर १४ एप्रिलला मोबाइलवर फिरत असतो. पत्रावर तारीख नाही, म्हणून संग्रहात ‘अंदाजे जुलै १९४६’ अशी नोंद केली आहे. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची स्थिती इतकी सारखी आहे की दुसरीचा अभ्यास गरजेचाच ठरतो, असं बाबासाहेब त्यात म्हणतात. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती ते मागतात आणि अस्पृश्यही असाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत, हे कळवतात. फिरणाऱ्या फोटोची गोष्ट इथेच संपते. संग्रहात मात्र पुढचाच क्रमांक ड्युबॉइस यांच्या उत्तराचा आहे: खोका १०९, कागद १३२ हे बाबासाहेबांचं पत्र आणि १३३ हे ३१ जुलै १९४६चं उत्तर. हाच अर्ज, म्हणजे नॅशनल नीग्रो काँग्रेस या काळ्या लोकांच्या संघटनेचं निवेदन, ड्युबॉइस सोबत पाठवतात. एनएएसीपी ही काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी मोठी संघटना याहून सविस्तर, पुराव्यांसह निवेदन करील अशी आपली अपेक्षा असल्याचं सांगतात आणि ते झालं की प्रत पाठवायचा शब्द देतात. ऑक्टोबर १९४७ मध्ये एनएएसीपीने ते निवेदन खरोखरच संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलं आणि त्याच्या संपादनाची धुरा ड्युबॉइस यांच्याकडेच होती.

प्रश्न आणि उत्तर असे शेजारी सापडतात, कारण ड्युबॉइस स्वतःच्या उत्तरांच्या कार्बन कॉप्या ठेवत. मला या संग्रहाचं मोठेपण इथे दिसतं. आपल्याकडे मोठ्या माणसांची त्यांनी लिहिलेली पत्रं छापली जातात, त्यांना आलेली पत्रं रद्दीत जातात. मग कार्यकर्ता काय विचारत होता, गावचा वर्गणीदार कशावर रागावला होता, हे कधी कळतच नाही.

आता ‘द क्रायसिस’बद्दल. माझा सगळ्यात जास्त वेळ याच मासिकात जातो. एनएएसीपीचं हे मासिक ड्युबॉइस यांनी नोव्हेंबर १९१० मध्ये सुरू केलं आणि १९३४ पर्यंत चालवलं. पहिला अंक १,००० प्रतींचा, किंमत १० सेंट. १९१९ पर्यंत खप लाखावर गेला. सुरुवातीचे छापील अंक, म्हणजे १९१० ते १९२२ या वर्षांचे, ‘मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट’ या दुसऱ्या फुकट संग्रहात पानन्‌पान बघता येतात, अगदी जाहिरातींसकट. माझी पद्धत अशी: एका खिडकीत अंक उघडायचा, दुसऱ्या खिडकीत ‘क्रीडो’मधली त्याच महिन्याची पत्रं. छापील पानामागचं सगळं बोलणं मग ऐकू यायला लागतं.

मासिक काय ताकदीचं होतं, हे जुलै १९१६च्या अंकावरून कळावं. मे महिन्यात टेक्ससमधल्या वेको शहरात जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या मुलाला हजारोंच्या जमावाने जाळून मारलं होतं. एनएएसीपीने एलिझाबेथ फ्रीमन या कार्यकर्तीला चौकशीसाठी तिथे पाठवलं आणि तिचा वृत्तांत ड्युबॉइस यांनी फोटोंसकट आठ पानांची पुरवणी काढून छापला. ती पानं मी एकदा नीट वाचली, पुन्हा उघडायचं धैर्य झालेलं नाही. खैरलांजीनंतरचे दिवस ज्यांनी विदर्भात काढले, त्यांना मी आणखी काही सांगायची गरज नाही. मे १९१९च्या अंकात पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या काळ्या सैनिकांवरचं संपादकीय आहे: आम्ही लढून परत येतोय आणि लढतच परत येतोय, अशा आशयाचं. तो अंक टपाल खात्याने दिवसभर अडवून ठेवला होता.

भारताशी असलेले धागेही सापडतात. फेब्रुवारी १९२९ मध्ये ड्युबॉइस यांनी गांधीजींकडे मासिकासाठी संदेश मागितला. साबरमतीहून १ मेच्या तारखेचा संदेश आला आणि जुलैच्या अंकात छापला गेला. गुलामांची नातवंडं असण्यात लाज नाही, गुलामांचे मालक असण्यात आहे, असा त्याचा गाभा. तेव्हा महाडचा सत्याग्रह होऊन दोन वर्षं झाली होती. ही तारीख मनात ठेवून मी तो संदेश वाचते आणि साबरमतीशिवाय महाडलाही एक पत्र जायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

माझं सगळ्यात आवडतं पत्र मात्र १९०५ सालच्या जानेवारीतलं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या बर्विन गावी एक काळी मुलगी हुशार असून शाळेत अभ्यास करत नाही, असं ड्युबॉइस यांच्या कानावर आलं. त्यांनी त्या अनोळखी मुलीला थेट पत्रच लिहिलं: तू शिकतेस की नाही याकडे तुझ्या लोकांचं लक्ष आहे, अशी संधी लाखो मुलींना मिळालेली नाही. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलींना मी ते मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा दोघी-तिघींनी वहीत उतरवून घेतलं.

वापरणाऱ्यांसाठी काही सूचना. मुखपृष्ठावरची शोधाची चौकट एकदम हजारो निकाल देऊ शकते, तेव्हा वर्षाची चाळणी आधी लावा. पत्रव्यवहार सालवार आणि सालाच्या आत आडनावाच्या अक्षरानुसार लावलेला आहे, एवढं लक्षात ठेवलं की काम सोपं होतं. टंकलिखित पत्रं स्वच्छ दिसतात, हस्ताक्षरं मोठी करून वाचावी लागतात. मोबाइलवर डोळे शिणतात, संगणकच बरा. एखादा कागद पुस्तकात छापायचा असेल तर ग्रंथालयाकडे परवानगी मागा. सगळं इंग्रजीत आहे आणि आमच्या पोरांना तोच खरा अडथळा होतो. कोणी निवडक पन्नास पत्रं मराठीत आणायचं मनावर घेतलं, तर मुद्रितं तपासायला मी बसेन.

ब्लॅक पँथर इथे शोधू नका. ड्युबॉइस गेल्यावर तीन वर्षांनी तो पक्ष निघाला आणि त्याचं वर्तमानपत्र एप्रिल १९६७ मध्ये. त्याचा पहिला अंक चार पानी, सायक्लोस्टाइल केलेला, पोलिसांच्या गोळीने मेलेल्या डेन्झिल डॉवेलबद्दल होता. आपल्या दलित पँथरचं नाव १९७२ मध्ये ज्यांच्यावरून घेतलं गेलं, त्यांचे अंक बघायचे असतील तर मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेले पुष्कळ मिळतात, तेही फुकट. पक्षाचे चित्रकार एमरी डग्लस यांची चित्रं त्यातच बघा.

आपल्याकडे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे हाती लागलेले अंक सरकारने १९९० मध्ये एका खंडात छापले, त्यामुळे ते आज वाचता तरी येतात. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’चे सुटे अंक अजून घरोघरच्या पेट्यांमध्ये पडून आहेत. त्यांच्यासोबत संपादकांना आलेली पोस्टकार्डं, वर्गणीच्या पावत्या, सभांची हँडबिलंही असतील. ज्यांच्या घरी असं काही आहे, त्यांनी ‘क्रीडो’ची एक नोंद उघडून बघावी: तारीख, कोणी कोणाला लिहिलं, किती पानं, कुठल्या खोक्यात. एवढ्या चार गोष्टी साध्या वहीत लिहून काढायला उद्यापासूनही सुरुवात करता येईल, स्कॅनर मागाहून मिळाला तरी चालेल.