ट्वाइसचा पहिला जपानी अल्बम कोणता घ्यावा: ‘हॅशटॅग ट्वाइस’ की ‘बीडीझेड’?

जपानी शिकणारा आणि ट्वाइस हा नऊ मुलींचा कोरियन पॉप गट ऐकणारा माणूस कधी ना कधी या प्रश्नापाशी येतोच. पुण्यात जपानीच्या एन-फोर परीक्षेच्या तयारीत असताना मीही आलो होतो. दोन्ही सीडी मागवल्या आणि दोन्ही भरपूर ऐकल्या. आज एकच ठेवायची म्हटली तर कोणती, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तुमचं कारण वेगळं असू शकतं, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो.

‘हॅशटॅग ट्वाइस’ 28 जून 2017 चा, जपानमधल्या पदार्पणाचा. त्यात गाणी पाचच आहेत, पण प्रत्येक दोनदा: एकदा जपानीत, एकदा मूळ कोरियनमध्ये. ‘टीटी’, ‘चिअर अप’, ‘नॉक नॉक’ असली गाजलेली गाणी एकत्र मिळतात, ही त्याची खरी ताकद. त्याच वर्षी 31 डिसेंबरला एनएचके वाहिनीच्या ‘कोहाकु’ या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात या मुली ‘टीटी’ घेऊनच उभ्या राहिल्या. जपानला त्या कशा भेटल्या हे समजून घ्यायचं असेल, तर हाच अल्बम.

‘बीडीझेड’ 12 सप्टेंबर 2018 चा. दहा गाणी, त्यातली बहुतेक जपानीसाठीच बांधलेली. यातली निम्मी आधीच बाहेर आली होती, त्यामुळे ‘कँडी पॉप’ किंवा ‘वेक मी अप’ची सिंगल तुमच्याकडे असेल तर पैसे थोडे जास्त वाटतील. शेवटचं ‘आय वाँट यू बॅक’ हे जुनं इंग्रजी गाणं मला तिथे उपरं वाटतं.

माझा निर्णय झाला तो एका बारीक त्रासामुळे. जपानी मात्रांवर चालते. आपल्या मात्रावृत्तात दीर्घ अक्षराच्या दोन मात्रा धरतात ना, अगदी तसंच: ‘तोऊक्योऊ’ (टोकियो) म्हणजे चार. कोरियनमध्ये अक्षर व्यंजनावर बंद होऊ शकतं आणि थोडक्या जागेत पुष्कळ मावतं. मनाला कोरियन गाण्यात ‘माम’ म्हणतात, एका ठोक्यात संपलं. जपानीत तेच ‘कोकोरो’, तीन मात्रा. आता कोरियन शब्दांच्या मापाने शिवलेल्या चालीत हे बसवायचं. कुठे अर्थ कापावा लागतो, कुठे शब्द घाईने उरकावा लागतो.

वाक्याची रचना आड येत नाही, हे विशेष. क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय. कोरियन, जपानी आणि मराठी तिन्ही तशाच. अडतं ते श्वासात. पीएमटीत बसून मी ‘टीटी’ची जपानी ओळ वहीत उतरवायला घ्यायचो आणि शब्द कुठे तुटतो तेच कळायचं नाही. वर कोरियन ओळ आधीच डोक्यात पाठ! प्रत्येक ओळीला जुनी ओळ मध्ये यायची. आठवडाभर हेच झालं. शेवटी मी जपानी आवृत्त्या सोडून कोरियनच ऐकू लागलो, आणि मग हा अल्बम घेतला कशाला, असं वाटू लागलं.

‘बीडीझेड’मध्ये हा झगडा मला जाणवला नाही. ‘बी अ‍ॅज वन’ संथ आहे, स्वर लांबतात, आणि शब्द लांबतात तिथेच चालही थांबते. तिसऱ्यांदा ऐकताना मी जवळजवळ सगळं लिहून काढलं होतं. गटातल्या मोमो, साना आणि मिना तिघीही जपानच्या कान्साई भागात वाढलेल्या, त्यांच्या तोंडी भाषा मोकळी वाटणं साहजिकच. पण बाकीच्या सहाजणींनी ती शिकून म्हटली आहे आणि त्याही इथे निवांत वाटतात. मला तरी याचंच जास्त कौतुक आहे.

तुम्ही जपानी शिकत नसाल, फक्त नाच आणि ओळखीची गाणी हवी असतील, तर कदाचित ‘हॅशटॅग ट्वाइस’च बरा. कोरियन आणि जपानी शेजारी ठेवून भाषांतर कसं केलंय ते तपासायचं असेल तरीही तोच. त्यासाठी मीही तो अजून काढतो. बाकी कुणी विचारलं तर ‘बीडीझेड’ सांगतो. आणि मिळाली तर डिसेंबर 2018 ची वाढीव आवृत्ती बघा, तिच्यात ‘स्टे बाय माय साइड’ जास्तीचं आहे.