लांब पल्ल्याचा नेम: चौकोन मोजायचे की विभाग पाडायचे?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लाँगबोचा (लांब धनुष्याचा) पल्ला १५०/६०० फूट आहे. नकाशावरचा एक चौकोन ५ फुटांचा आणि टेबलावर तो १ इंचाचा. म्हणजे ६०० फूट मांडायला १२० इंच, चक्क १० फूट लांब टेबल हवं. मग खेळाडू कुठे बसवायचे?

नियम मात्र सोपा. १५० फुटांपर्यंत नेहमीसारखा फासा, तिथून ६०० पर्यंत डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाका, लहान आकडा घ्या), त्यापुढे नेम धरताच येत नाही. खटकतं ते एवढंच, की १५५ फुटांवरचा आणि ५९५ फुटांवरचा शत्रू सारखाच अवघड. पात्राला ‘शार्पशूटर’ हे फीट (खास कौशल्य) घेतलं की तोही अडसर जातो.

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हीच गोष्ट पायरीपायरीने होते. लाँगबोची पायरी १०० फुटांची, पुढच्या प्रत्येक पायरीला नेमाच्या फाशातून उणे २, अशा सहा पायऱ्या. ३५० फुटांवर उणे ६. वर ३० फुटांच्या आतही उणे २ असल्यामुळे शॉर्टबो (आखूड धनुष्य) घ्यायला खरंखुरं कारण मिळतं. मला हा तपशील फार आवडतो. किंमत एवढीच की दर बाणाला वजाबाकी करावी लागते.

गर्प्स या खेळात तक्ताच आहे: १० यार्डांना उणे ४, २० ला उणे ६, १०० ला उणे १०. पळणाऱ्या लक्ष्याचा वेगही अंतरात मिळवायचा. रायफलींच्या खेळात हे शोभतं, इतरत्र तक्ता चाळण्यातच वेळ जातो. फेट या खेळात फूटच नाहीत. मैदानाचे विभाग पाडा, बाण किती विभाग जातो ते टेबलावर ठरवा.

पण उणे किती, यापेक्षा शत्रूला जवळ यायला किती वेळ लागतो हे जास्त महत्त्वाचं. ३० फूट वेगाचा शत्रू पाचव्या आवृत्तीत डॅश करत (हल्ला न करता नुसतं धावत) एका फेरीत ६० फूट येतो. ६०० फूट कापायला त्याला दहा फेऱ्या लागतात. तोवर धनुर्धारी बाण सोडत राहतो आणि तलवारवाला खेळाडू मोबाइल बघत बसतो. इथे गेममास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) झाडं, धुकं, टेकडीची कड वापरावी. अर्ध्या आडोशाने एसी (आर्मर क्लास, म्हणजे नेम लागायला फाशावर गाठायचा आकडा) २ ने वाढतो, पाऊण आडोशाने ५ ने.

गुहा-तळघरांतच खेळत असाल तर पाचव्या आवृत्तीचे दोन आकडे भरपूर झाले. उघड्या मैदानावरच्या लढाया वरचेवर होत असतील तर पाथफाइंडरच्या पायऱ्या घ्या. नकाशाच मांडत नसाल तर विभाग. आणि पाचवी आवृत्ती सोडायची नसेल तर सुरुवातीला चौकोन २५ फुटांचा धरा. ६०० फूट २४ चौकोनांत बसतात. शत्रू १५० च्या आत आला की नेहमीच्या नकाशावर या.