रिंगाण की ऐवज?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात या पावसाळ्यात दोन पुस्तकं फिरली. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ ही कादंबरी आणि अमोल पालेकरांचं आठवणींचं ‘ऐवज’.

‘ऐवज’ आईने आधी पळवलं. बँकेतली नोकरी, जे. जे.मधली चित्रकला, सत्यदेव दुबेंबरोबरचं नाटक, मग १९७४चा ‘रजनीगंधा’: कुठूनही उघडा, वाचता येतं. पोहे-जलेबी खातानाही.

‘रिंगाण’चं तसं नाही. धरणामुळे गाव उठतं, मागे राहिलेली म्हैस रानटी होते आणि देवाप्पा तिला आणायला परत निघतो. एवढंच कथानक. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून मी आणली. पण कोल्हापूरकडची ती बोली हिंदीत मुरलेल्या आमच्या कानांना जड जाते. पहिली वीस पानं मोठ्याने वाचली, तेव्हा कुठे लय सापडली. त्यानंतर मात्र पुस्तक सोडवेना. आमच्या नळाला जलूदहून आलेलं नर्मदेचं पाणी येतं आणि त्याच नदीवरच्या इंदिरा सागर धरणात २००४ साली हरसूद बुडालं. माणसं हलवली, गुरांचं काय झालं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लाज वाटली, खरं सांगते.

आठवणी सांगणारा शेवटी स्वतःला थोडा सावरून घेतोच. म्हशीला ती सोय नाही.

आईला हे पटत नाही. तिने ‘रिंगाण’ बाराव्या पानावर मिटलंय, खूण म्हणून विजेचं बिल घालून.