आठ महिने फुटबॉल क्लबचं सदस्यत्व वापरून झाल्यावर

ऑगस्टमध्ये लंडनमधल्या एका प्रीमियर लीग क्लबचं सदस्यत्व घेतलं, माझं आणि नऊ वर्षांच्या लेकीचं. आता एप्रिल चालू आहे, म्हणजे लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आला. क्लबचं नाव लिहीत नाही. थोड्याफार फरकाने बहुतेक मोठ्या क्लबांत हेच चालतं.

आधी एक समजून घ्या, सदस्यत्व म्हणजे तिकीट नव्हे. वर्षाची फी भरून मिळतो तो सोडतीत नाव घालायचा हक्क. सीझन तिकीटवाल्यांच्या, म्हणजे पूर्ण हंगामाचं तिकीट घेतलेल्यांच्या, जागा ठरलेल्याच असतात, उरलेल्या जागांसाठी आपण सगळे. सामन्याच्या दीड-दोन महिने आधी नाव घालायचं आणि वाट बघायची. आम्ही ११ वेळा नाव घातलं, २ वेळा लागलं. आणखी ३ सामने मिळाले ते क्लबच्या अधिकृत फेरविक्रीतून. ज्याला यायला जमणार नाही तो आपली जागा तिथे परत टाकतो. लेक झोपली की रात्री फोन घेऊन बसायचं. जागा दिसते, बोट लावेपर्यंत गेलेली असते. त्यात दोन जागा शेजारी-शेजारी हव्या असतील तर फारच कठीण.

आत गेल्यावर मात्र तक्रारीला जागा नाही. फोन टेकवला की गेट उघडतं, फॅमिली विभागातून मैदान छान दिसतं, लहान मुलांशी कर्मचारी प्रेमाने वागतात. पहिला गोल झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या अनोळखी आजोबांनी वळून लेकीला टाळी दिली. ते ती अजून सांगते.

ऑक्टोबरमध्ये बाबा कोल्हापूरहून तीन आठवड्यांसाठी आले. त्यांचं सगळं तरुणपण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं. पाटाकडील आणि दिलबहार हे तिथले फुटबॉल संघ समोरासमोर असले की घरात दुसरा विषय नसायचा. मीही लहानपणी त्यांचं बोट धरून जायची. खिडकीवर तिकीट काढलं की आत. त्यांच्या मुक्कामात इथे घरच्या मैदानावर एकच सामना होता आणि त्याची सोडत कधीच संपली होती. फेरविक्रीतली जागा घ्यायलाही सदस्यत्व हवं, म्हणून बाबांच्या नावानेही फी भरली. मी सलग तीन रात्री फोन घेऊन बसले. दोन-तीनदा सुटी जागा दिसली, जोडीची एकदाही नाही. "एकटा जाऊन काय करू गं मी तिथं?" बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

त्याच सामन्याची जेवणासकटची महागडी पॅकेजेस मात्र शेवटच्या दिवसापर्यंत विक्रीला होती. साध्या तिकिटाच्या सहा-सातपट किंमत. त्यांना ना सदस्यत्वाची अट, ना सोडत. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. नवा माणूस क्लबला नको आहे असं नाही. पैसेवाला नवा माणूस हवा आहे. बाकीच्यांनी आधी वर्षानुवर्षं हजेरी लावून दाखवायची, आणि हजेरी लावायला तिकीट मिळत नाही.

नियमांमागची कारणं मला पटतात. जागांपेक्षा मागणी कितीतरी जास्त आहे. परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं इथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. तीस-तीस वर्षं पावसात येणाऱ्यांना मान मिळालाच पाहिजे. पण त्यांनाही तो कुठे मिळतो? २०२४ मध्ये हंगाम चालू असताना मँचेस्टर युनायटेडने सदस्यांचं कमीत कमी तिकीट ६६ पौंडांवर नेलं, मुलांना आणि ज्येष्ठांना सवलतही ठेवली नाही. उलट पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा २०१६-१७ च्या हंगामापासून टिकून आहे, ती चाहत्यांनी रेटा लावल्यामुळे. अर्थात बाहेरगावच्या सामन्याचं तिकीट आमच्या क्लबात आधी साठवलेल्या गुणांवर (पॉइंट्सवर) मिळतं आणि गुण मिळतात आधीच्या बाहेरगावच्या सामन्यांचे. आमच्या खात्यात शून्य.

बाबांना शेवटी डलिच हॅम्लेटच्या मैदानावर नेलं. १८९३ चा क्लब, गुलाबी-निळा रंग, खालच्या स्तरावरचा. कठड्याला टेकून बाबा पूर्ण वेळ मराठीत ओरडत होते आणि शेजारचा माणूस इंग्रजीत. दोघांचं एकमत होतं असं वाटलं.

फेब्रुवारीत लेकीची वर्गमैत्रीण म्हणाली, मलाही यायचंय. तिला घ्यायचं तर तिचं सदस्यत्व, सोबत येणाऱ्या तिच्या आईचं सदस्यत्व, मग चौघींची एकत्र सोडत. ज्या मुलीने अजून एकही सामना पाहिलेला नाही तिच्या आईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याऐवजी आमच्याच क्लबच्या महिला संघाचा सामना बघितला. सदस्यत्व न विचारता पाच मिनिटांत चार तिकिटं, शेजारी-शेजारी. आता ती मैत्रीण शाळेत लेकीला विचारते, पुढची मॅच कधी? मी लिंक पाठवते, तिची आई स्वतःच तिकिटं काढते.

जूनमध्ये सदस्यत्वाचं नूतनीकरण आहे. लेकीचं आणि माझं करेन, तिचा त्या संघात जीव अडकलाय. बाबांचं करणार नाही. पुढच्या खेपेला आले की त्यांना महिला संघाच्या मॅचला नेईन, लेकीच्या शेजारच्या खुर्चीवर.